भूमीचा उष्मा आणि भूपतीचा अधिकार : इंडोनेशियातील एका व्याख्येचा इतिहास

कायदा वाचावयास घेतला की पहिल्या कलमातील व्याख्या चाळून पुढे जाण्याची वाचकाची प्रवृत्ती असते. अधिकार, दंड, अपील यांची कलमे काय ती महत्त्वाची आणि व्याख्या ही त्यांची प्रस्तावना, असा समज त्यामागे असतो. हा समज किती फसवा आहे याचे एक उत्तम उदाहरण इंडोनेशियाच्या भूऔष्णिक ऊर्जेविषयीच्या दोन कायद्यांत सापडते. २००३ सालच्या सत्ताविसाव्या कायद्याने या ऊर्जेची जी व्याख्या केली तिचा आशय असा : उष्ण पाणी, वाफ आणि खडक यांत, तत्संलग्न खनिजे व वायू यांसह, सामावलेली, एकाच व्यूहात मूलतः अविभाज्य असलेली उष्णतारूप ऊर्जा, आणि जिच्या उपयोगासाठी खाणकामाची प्रक्रिया आवश्यक असते अशी. २०१४ च्या एकविसाव्या कायद्यात हीच व्याख्या जवळजवळ शब्दशः पुन्हा आली. फक्त शेवटचे उपवाक्य गळले. खाणकामाचा उल्लेख गेला.

या दोन कायद्यांच्या मधल्या अकरा वर्षांत केंद्रसत्ता आणि जिल्हासत्ता यांच्यामध्ये जो झगडा झाला, त्याचा बराचसा भाग या एका उपवाक्याभोवती फिरतो. पुढील विवेचनाचा हेतू तो झगडा समजून घेणे हा आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे शब्दांकडे त्याचे लक्ष अधिक जाणार, हे वाचकांनी गृहीत धरावे. परंतु या प्रकरणात शब्दांकडे लक्ष देण्यास भाषाशास्त्राबाहेरचेही सबळ कारण आहे.

प्रथम वस्तुस्थिती. ज्वालामुखी प्रदेशात तप्त शिलारस भूपृष्ठाच्या तुलनेने जवळ आलेला असतो. पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, तापते, आणि वर अभेद्य खडकाचे झाकण असेल तर तेथेच दाबाखाली साचून राहते. दीड ते तीन किलोमीटर खोलीची विहीर खोदून ते पाणी किंवा त्याची वाफ वर आणावयाची, तिच्यावर जनित्र चालवावयाचे, आणि निवलेले पाणी दुसऱ्या विहिरीवाटे पुन्हा खाली सोडावयाचे, असा हा सर्व खटाटोप असतो. त्यातील दोन गोष्टी शासनव्यवस्थेच्या दृष्टीने निर्णायक आहेत. पहिली अशी की, कोळसा गाडीत भरून नेता येतो, तेल नळाने समुद्रापार जाते, पण वाफ काही थोड्या किलोमीटरांपलीकडे नेता येत नाही. ती थंड होते. म्हणून वीजगृह जेथे उष्मा आहे तेथेच, म्हणजे बहुधा डोंगरउतारावर, रानात, कोणाच्या तरी शेताशेजारी उभारावे लागते. दुसरी अशी की, पहिल्या विहिरीत काय लागेल याची शाश्वती नसते. लक्षावधी डॉलर खर्चून खोदलेले भोक कोरडे निघू शकते. पहिल्या गोष्टीमुळे स्थानिक संस्थेला वगळता येत नाही, तर दुसरीमुळे केंद्राच्या तिजोरीवाचून भागत नाही. हा पेच कोणत्याही देशात आहे. इंडोनेशियात तो अधिक ठळक दिसतो, कारण सुमारे १२७ जागृत ज्वालामुखी असलेल्या या द्वीपराष्ट्राने राज्यकारभाराची घडी अल्पावधीत दोनदा उलटसुलट केली.

आता शब्द पाहू. इंडोनेशियन भाषेत भूऔष्णिक ऊर्जेला 'पानास बुमी' म्हणतात. पानास म्हणजे उष्ण वा उष्मा. बुमी हा शब्द मराठी वाचकास सांगावयास नको, तो संस्कृत 'भूमि' होय. राष्ट्र वा राज्यसंस्था या अर्थी तेथे 'नेगारा' हा शब्द चालतो. तो 'नगर' शब्दापासून आला असून अर्थविस्ताराने नगराचे राज्य झाले आहे. उद्योग या अर्थीचा 'उसाहा' हा 'उत्साह' शब्दाचा वंशज. अनेक परवान्यांच्या नावांत तो येतो. आणि जिल्ह्याच्या प्रमुखास म्हणतात 'बुपाती', म्हणजे 'भूपति'. त्याच्या अधिकारक्षेत्राचे नाव 'काबुपातेन' या भूपतीवरूनच पडले. जावाच्या संस्थानी काळात बुपाती हे सरदारपद होते. डच अमलात त्याच्यामार्फतच प्रजेवर राज्य केले जाई. आणि २००५ पासून तो जनतेच्या प्रत्यक्ष मतदानाने निवडला जातो. भूमीचा उष्मा कोणाचा, नगाराचा की भूपतीचा, असा प्रश्न आपण विनोदाने विचारू शकतो. परंतु इंडोनेशियाच्या संसदेने तो गंभीरपणे, दोनदा, आणि दोन परस्परविरुद्ध प्रकारे सोडविला आहे.

१९४५ च्या राज्यघटनेच्या तेहतिसाव्या कलमाने भूमी, पाणी आणि त्यांच्या पोटातील नैसर्गिक संपत्ती राज्यसंस्थेच्या नियंत्रणाखाली ठेवून तिचा विनियोग जनतेच्या अधिकाधिक समृद्धीसाठी करावा असे ठरविले. जमीनमालकाच्या हक्काचा प्रश्न अशा रीतीने आरंभीच निकालात निघाला. मात्र 'राज्यसंस्था' म्हणजे जाकार्ता की जिल्ह्याची कचेरी, हे घटनेच्या या कलमाने सांगितले नाही. पन्नास वर्षे ते विचारण्याचे कारणही पडले नाही.

कारण तोपर्यंत सारेच जाकार्ताकडे होते. पश्चिम जावातील कामोजांग येथे वाफेच्या उपयोगाची सूचना १९१८ साली झाली आणि १९२६ ते १९२८ या काळात डच सरकारने तेथे पाच विहिरी खोदल्या. त्यांपैकी तिसरीतून आजही वाफ निघते. स्वातंत्र्योत्तर काळात हे काम पुन्हा हाती आले ते न्यूझीलंडच्या साहाय्याने, आणि १९८३ साली कामोजांगचे ३० मेगावॅटचे पहिले वीजगृह सुरू झाले. १९८१ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने शोध व उत्पादन हे काम पेर्तामिना या राष्ट्रीय तेलसंस्थेकडे सोपविले होते. तिने काढलेली वाफ वा वीज राष्ट्रीय वीजमंडळाने विकत घ्यावयाची. १९९१ च्या आदेशाने त्यात परदेशी कंपन्यांना अधिक वाव मिळाला. या व्यवस्थेत जिल्ह्याचा संबंध जमिनीचे कागद व गावकऱ्यांची समजूत एवढ्यापुरताच असे. व्यवस्था एकसूत्री होती हे मान्य करावयास पाहिजे. तिचा घात झाला तो जिल्ह्यांमुळे नव्हे, तर १९९७ च्या आर्थिक संकटामुळे. वीजखरेदीचे करार डॉलरमध्ये आणि ग्राहकाकडून वसुली रुपियात. रुपिया कोसळताच करार पाळणे अशक्य झाले व अनेक प्रकल्प सरकारने स्थगित केले. उत्तर सुमात्रातील सारुल्ला येथील करार १९९३ चा. तेथून वीज मिळू लागली २०१७ साली.

संकटाबरोबर सुहार्तो यांची राजवटही १९९८ मध्ये संपली, आणि १९९९ च्या प्रादेशिक शासनविषयक कायद्याने लंबक दुसऱ्या टोकास गेला. २००१ च्या आरंभापासून परराष्ट्रव्यवहार, संरक्षण, न्याय, चलन, धर्म यांसारखे विषय वगळता बहुतेक अधिकार प्रांतांकडे नव्हे, तर थेट जिल्ह्यांकडे आणि शहरांकडे गेले. प्रांत बलवान झाले तर ते फुटून निघतील, जिल्हे लहान असल्याने तसे करू शकणार नाहीत, हा हिशेब त्यामागे होता असे अभ्यासक सांगतात. हेतू काहीही असो, २००३ चा भूऔष्णिक कायदा या वातावरणात झाला आणि त्याने त्याच वातावरणाचे तर्कशास्त्र स्वीकारले. क्षेत्र एका जिल्ह्याच्या हद्दीत असेल तर लिलाव व परवाना भूपतीकडे. एकाहून अधिक जिल्ह्यांत पसरले असेल तर प्रांताधिपतीकडे. एकाहून अधिक प्रांतांत असेल तरच मंत्र्याकडे. क्षेत्राची आखणी मात्र मंत्र्याने करावयाची. पूर्वीचे करार जसेच्या तसे चालू राहावयाचे होते. म्हणजे जिल्ह्यांच्या वाट्याला आली ती नवी, न तपासलेली, म्हणूनच सर्वात धोक्याची क्षेत्रे.

कागदावर हे विभाजन मोठे रेखीव वाटते. जमिनीवर त्याला अडचणी आल्या. जिल्ह्यांच्या सीमा बहुधा पर्वतशिखरांवरून जातात, आणि उष्म्याचे साठे त्या शिखरांच्याच पोटात असतात. कामोजांगचेच क्षेत्र बांडुंग व गारुत या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. नकाशावरील रेघ भूगर्भातील पाण्यास ठाऊक नसते. एका जिल्ह्याने खोदलेल्या विहिरीने दुसऱ्या जिल्ह्यातील दाब कमी होऊ शकतो. याहून मोठी अडचण किमतीची. लिलाव भूपतीने करावयाचा आणि जो सर्वात कमी दराने वीज देऊ करील त्याला क्षेत्र द्यावयाचे. पण ती वीज विकत घेणार राष्ट्रीय वीजमंडळ, जे लिलावात पक्षकारच नव्हते. जिल्ह्याने मान्य केलेला दर मंडळास मान्य होईना, मंडळाला परवडेल तो दर कंपनीस परवडेना. एवढी किचकट भूशास्त्रीय माहिती तपासून बोलीचे मूल्यमापन करील असा कर्मचारीवर्ग एखाद्या दूरच्या जिल्हाकचेरीत कोठून असणार? बोली लावणाऱ्यांपैकी काहींनी परवाने मिळविले आणि विहीर न खोदता ते बाळगून ठेवले. २००९ मध्ये मंत्रालयाने प्रतियुनिट ९.७ अमेरिकी सेंट ही कमाल मर्यादा ठरविली आणि २०११ मध्ये त्या मर्यादेतील लिलावाचा दर स्वीकारणे वीजमंडळावर बंधनकारक केले. म्हणजे दोषाचे मूळ जिल्ह्यात जितके, तितकेच खरेदीदार व परवानादार यांची फारकत करणाऱ्या कायद्याच्या रचनेत होते. पुढे जेव्हा जिल्ह्यांकडून अधिकार काढून घेतले गेले, तेव्हा या दुसऱ्या कारणाची चर्चा फारशी झाली नाही. ती व्हावयास हवी होती.

येथे व्याख्येतील ते उपवाक्य आपला प्रभाव दाखवू लागते. १९९९ च्या वनकायद्याने संरक्षक अरण्यात उघड्या खाणी खोदण्यास मनाई केली, आणि अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांच्या संवर्धनक्षेत्रात तर खाणकामास जागाच ठेवली नाही. भूऔष्णिक विहीर ही उघडी खाण नव्हे. तिचे वर्तुळ हातभर रुंदीचे असते, आणि एका सपाट केलेल्या जागेवरून तिरक्या दिशांनी अनेक विहिरी खोदता येतात. तंत्रज्ञांच्या दृष्टीने तिची तुलना खाणीशी करणे चुकीचे होते. परंतु कायद्याने तिला स्वमुखाने खाणकाम म्हटले होते, परवान्याच्या नावातही 'खाण-उद्योग-परवाना' असे शब्द होते, आणि वनखात्याच्या अधिकाऱ्याला शब्दापलीकडे जाण्याचे कारण नव्हते. बरे, इंडोनेशियातील ज्ञात क्षेत्रांचा मोठा भाग संरक्षक वा संवर्धन अरण्यात मोडतो. ज्वालामुखीचे माथे रानाखाली राहिले ते बहुधा शेतीस अयोग्य म्हणूनच. परिणामी जिल्ह्याने दिलेला परवाना अरण्याच्या सीमेपाशी थबकत असे.

२००३ च्या कायदेमंडळाने तो शब्द का घातला असावा, हे समजण्यासारखे आहे. शोध, खोदाई, उत्पादन, स्वामित्वशुल्क, लिलाव हा सर्व साचा खनिजकायद्यातच तयार होता. नवी वस्तू ओळखीच्या जातीत घातली की तिच्यासाठी वेगळी व्यवस्था बांधावी लागत नाही. भाषेतही हेच घडते : नव्या पदार्थाला जुने नाव मिळाले की जुन्या नावाचे सर्व अनुषंग त्याला चिकटतात, हवे असलेले आणि नको असलेलेही.

१७ सप्टेंबर २०१४ च्या नव्या कायद्याने दोन गोष्टी केल्या आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे अगत्याचे आहे. एक, खाणकामाचा शब्द व्याख्येतून आणि परवान्याच्या नावातून काढून टाकला. त्यामुळे संरक्षक आणि विशिष्ट अटींवर संवर्धन अरण्यांतही काम करता येऊ लागले. दोन, उपयोगाचे दोन वर्ग पाडले. उष्म्याचा प्रत्यक्ष उपयोग, म्हणजे स्नानगृहे, पर्यटन, धान्य वा चहा वाळविणे इत्यादी, आणि अप्रत्यक्ष उपयोग, म्हणजे वीज. वीज तेवढी सर्वस्वी केंद्राकडे गेली. पहिल्या दुरुस्तीला दुसरीची आवश्यकता नव्हती. शब्द बदलून जिल्ह्यांचे अधिकार तसेच ठेवता आले असते, किंवा अधिकार घेऊन शब्द ठेवता आला असता. दोन्ही एकाच विधेयकात आल्यामुळे अरण्याची अडचण दूर करण्याच्या युक्तिवादाच्या आडून अधिकारांचे स्थलांतर विनासायास झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याच महिन्याच्या अखेरीस झालेल्या प्रादेशिक शासनाच्या नव्या कायद्याने यावर शिक्कामोर्तब केले. ऊर्जा व खनिजे हा संपूर्ण विषय त्याने केंद्र व प्रांत यांच्यात वाटून टाकला आणि जिल्ह्याच्या हाती या विषयातील एकच गोष्ट ठेवली : जिल्ह्याच्या हद्दीतील भूऔष्णिक उष्म्याचा प्रत्यक्ष उपयोग. कोळसा गेला, दगडवाळू गेली, वीज गेली. उरले ते उन्हाळ्यातील स्नान. इंडोनेशियातील पाचशेहून अधिक जिल्हे व शहरे यांच्या ऊर्जाविषयक अधिकाराचा हा अवशेष आहे.

अधिकाराच्या मोबदल्यात पैसा देऊ केला गेला. २००४ च्या वित्तविभागणीच्या कायद्याने भूऔष्णिक महसुलातील ८० टक्के रक्कम प्रदेशांकडे जावयाची होती : प्रांतास १६, उत्पादक जिल्ह्यास ३२, आणि त्याच प्रांतातील इतर जिल्ह्यांना मिळून ३२. हे आकडे उदार दिसतात. पण ते राज्यसंस्थेच्या हाती पडणाऱ्या महसुलाचे टक्के आहेत, विजेच्या विक्रीचे नव्हेत, आणि हिशेब जाकार्तातून होऊन येतो. म्हणून २०१४ च्या कायद्याने 'उत्पादन-बोनस' नावाचे वेगळे देणे निर्माण केले. २०१६ च्या नियमावलीनुसार वाफ विकणाऱ्याने ढोबळ उत्पन्नाच्या एक टक्का, आणि वीज विकणाऱ्याने अर्धा टक्का, उत्पादक जिल्ह्यास द्यावयाचा. येथे 'ढोबळ' या विशेषणाला महत्त्व आहे. नफा दाखविण्यावर देणे अवलंबून असते तर ते कधी मिळाले असते कोण जाणे.

परंतु वाफ जेथून निघते तेथील माणसाच्या अंगावर जे येते ते टक्केवारीत मोजता येत नाही. उत्तर सुमात्रातील मांडाइलिंग नाताल या जिल्ह्यातील सोरिक मारापी क्षेत्राचा इतिहास या संबंधात लक्षपूर्वक पाहावा. जुन्या कायद्याखाली २०१० साली तेथील परवाना भूपतीने दिला. गावांतून विरोध झाला, हिंसक प्रसंग घडले, आणि २०१४ च्या अखेरीस भूपतीनेच काम स्थगित केले. तोवर नवा कायदा झाला होता. २०१५ मध्ये मंत्रालयाने आपला परवाना दिला आणि काम पुन्हा सुरू झाले. २०१९ मध्ये वीज निघू लागली. २५ जानेवारी २०२१ रोजी एक विहीर उघडत असताना हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडून जवळच्या गावातील पाच माणसे मृत्यू पावली आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. काम थांबविण्याचा आदेश आला तो जाकार्तातून. आजारी माणसांची ने-आण, गाव रिकामे करणे, लोकांना शांत करणे ही कामे मात्र स्वभावतःच जवळच्या यंत्रणेवर पडली. २०१० चा परवाना शहाणपणाने दिला गेला होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा इतकाच की, स्थगितीचा अधिकार ज्याच्या हातून गेला त्याच्या शिरावरची जबाबदारी त्याबरोबर गेली नाही.

शिवाय अधिकार गेला असे म्हणताना 'अधिकार' शब्दाचीही फोड केली पाहिजे. फ्लोरेस बेटाला मंत्रालयाने २०१७ साली 'भूऔष्णिक बेट' म्हणून घोषित केले. तेथील मांगाराई जिल्ह्यात उलुंबू येथे १० मेगावॅटचे वीजगृह आधीपासून आहे; त्याचा विस्तार पोको लेओकच्या परिसरात करावयाचे ठरले, आणि तेथील लोकांनी आपल्या वडिलोपार्जित सामूहिक जमिनी, देवस्थाने व पाणवठे यांच्या नावाने त्यास विरोध केला. या विस्ताराच्या जागेची निश्चिती करणारा आदेश डिसेंबर २०२२ मध्ये काढला तो मांगाराईच्या भूपतीने. वीज केंद्राची, परवाना केंद्राचा, पण जमिनीचा कागद जिल्ह्याचा, ही १९८० च्या सुमाराची विभागणीच परत आल्यासारखी झाली. फरक असा की तेव्हाचा बुपाती वरून नेमलेला असे. आजच्या भूपतीला त्याच गावकऱ्यांपुढे मते मागावयास जावे लागते.

केंद्रीकरणाने काही साधले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये इंडोनेशियाने फिलिपाइन्सला मागे टाकले आणि स्थापित क्षमतेत अमेरिकेखालोखाल स्थान मिळविले. आज ही क्षमता २,६०० मेगावॅटांच्या पुढे आहे. अलीकडे पहिल्या विहिरींचा धोका सरकारी भूशास्त्रसंस्थेने स्वतः पत्करावा असेही धोरण आले. हे काम कोणत्याही भूपतीच्या आवाक्यातले नव्हते. तरीही या वाढीचा मोठा वाटा २००३ पूर्वीच्या जुन्या क्षेत्रांचा आहे; म्हणून तिचे श्रेय २०१४ च्या शब्दबदलास देताना हात आखडता घ्यावा लागतो.

खनिज नव्हे, तर मग काय? इंडोनेशियाने खाणकामाचा शब्द काढला, पण त्याच्या जागी दुसरा ओळखीचा वर्ग घातला नाही. उष्मा स्वतःच एक वर्ग झाला. न्यूझीलंडने वेगळी वाट धरली. १९५३ च्या कायद्याने तेथे भूऔष्णिक ऊर्जा काढण्याचा व वापरण्याचा एकमेव हक्क राजसत्तेकडे घेतला, आणि १९५८ मध्ये वाइराकेईचे वीजगृह सुरू झाले. पुढे रोटोरुआ शहरात घरोघरच्या विहिरींमुळे प्रसिद्ध उष्ण फवारे मंदावू लागले, तेव्हा १९८६ साली केंद्र सरकारला पोहुतू फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बंद कराव्या लागल्या. नंतरच्या काळात फवाऱ्यांत पुन्हा जोम आला. १९९१ च्या साधनसंपत्तिव्यवस्थापनाच्या कायद्याने मात्र भूऔष्णिक पाण्याची व्याख्या, पृथ्वीच्या पोटात नैसर्गिक रीतीने ३० अंश सेल्सिअस वा अधिक तापलेले पाणी, अशी केली, आणि वाफेचाही त्यात समावेश केला. पाणी म्हटल्याबरोबर ते प्रादेशिक परिषदांच्या कक्षेत आले, कारण नदीतळ्यांचे नियमन त्यांच्याकडेच होते. वाइकाटोच्या परिषदेने आपल्या हद्दीतील व्यूहांची विकासयोग्य, मर्यादित विकासयोग्य, संशोधनार्थ, संरक्षित व लहान अशी प्रतवारी केली. ओराकेई कोराकोसारखे क्षेत्र संरक्षित म्हणून राखले. माओरी लोकांनी आपल्या रूढीनुसार समुदायाच्या हितासाठी केलेल्या वापरास परवान्याची गरज ठेवली नाही. एका देशात खाण म्हटल्यामुळे अरण्य आडवे आले, दुसऱ्या देशात पाणी म्हटल्यामुळे स्थानिक परिषद आणि जुना वहिवाटदार आत आले. जपानमध्येही १९४८ च्या उष्णोदकविषयक कायद्याखाली विहीर खोदण्यास प्रांतप्रमुखाची अनुमती लागते. तेथे पाण्याच्या ऐवजी स्नानाचा झरा हा मूळ शब्द आहे, आणि झऱ्यांवर उपजीविका असणाऱ्यांचे वजन त्यामागे आहे.

भारतात हा प्रश्न अद्याप शब्दावर येऊन ठेपलेला नाही. केंद्रीय मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी राज्यसूचीत सतराव्या क्रमांकावर आहे. खाणी व खनिजविकासाचे नियमन राज्यसूचीत तेविसावे, पण संघसूचीतील चौपन्नाव्या नोंदीच्या अधीन. वीज समवर्ती सूचीत अडतिसावी. भूमीचा उष्मा या तिन्ही नोंदींच्या सांध्यावर बसतो. लडाखमधील पुगा खोऱ्यासाठी ६ फेब्रुवारी २०२१ रोजी जो करार झाला त्यावर तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे ऊर्जा केंद्र, लडाखचे प्रशासन आणि लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद अशा तिघांच्या स्वाक्षऱ्या आहेत. तिसरी स्वाक्षरी एका निवडून आलेल्या स्थानिक संस्थेची आहे, हे इंडोनेशियाचा इतिहास वाचलेल्यास लक्षणीय वाटेल.

महाराष्ट्रात हा उष्मा गावांच्या नावांतच आहे. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोलीकडील उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे. 'उष्ण' शब्दाचे प्राकृत 'उण्ह' हे रूप या तिन्ही नावांत टिकून आहे. कोकणातील या झऱ्यांचे तापमान जावाच्या क्षेत्रांच्या मानाने बेताचे असल्याने तेथे विजेपेक्षा प्रत्यक्ष उपयोगाचाच, म्हणजे वाळवण, शीतगृह, स्नान यांचाच, विचार अधिक संभवतो. त्यासाठी उद्या कोणी विहीर खोदू म्हणेल तर ते पाणी भूजल ठरल्यास २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम लागू होईल आणि राज्याचे प्राधिकरण विचारात घ्यावे लागेल. ते गौण खनिज ठरले आणि क्षेत्र अनुसूचित असले, तर १९९६ च्या पंचायतविस्तार कायद्याप्रमाणे परवान्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस अनिवार्य होईल.